एचडी १८९७३३ बी : निळा ग्रह आणि डागाळलेला तारा यांचे एक प्रकरण

पुण्यातील आमच्या अभ्यासगटाने एका बाह्यग्रहाचे (सूर्याऐवजी दुसऱ्या ताऱ्याभोवती फिरणाऱ्या ग्रहाचे) प्रकरण मुळापासून तपासायचे ठरवले, तेव्हा पहिले नाव संतमसचे निघाले. एचडी ८६०८१ या ताऱ्याला २०१९ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधुरी यांच्या स्मरणार्थ ‘बिभा’ हे नाव मिळाले आणि त्याच्या ग्रहाला ‘संतमस’. हे दुसरे नाव पुण्यातल्याच एका तेरा वर्षांच्या शाळकरी विद्यार्थ्याने सुचवलेले असल्यामुळे मुलांची ओढ तिकडे असणे स्वाभाविक होते. परंतु संतमस आपल्या बाजूने पाहता ताऱ्याच्या बिंबासमोरून जात नाही. ताऱ्याच्या पुढे-मागे डुलण्यावरून त्याचे किमान वस्तुमान आणि सव्वादोन दिवसांहून थोडा कमी असलेला प्रदक्षिणाकाळ तेवढा कळतो. त्याचा आकार, त्याची हवा, त्याचा रंग यांपर्यंत पोहोचण्याची वाट तिथेच अडते. म्हणून आम्ही एचडी १८९७३३ बी हा ग्रह घेतला. क्ष-किरणांपासून मीटरभर लांबीच्या रेडिओलहरींपर्यंत इतक्या वेगवेगळ्या दुर्बिणींनी पाहिलेले बाह्यग्रह फार थोडे आहेत, आणि त्या दुर्बिणींमध्ये पुणे जिल्ह्यातील खोडदची जीएमआरटी ही रेडिओदुर्बीणही आहे.

या प्रकरणातला प्रश्न साधा दिसतो. ग्रहाचे म्हणून जे मोजले जाते, त्यातले ग्रहाचे किती आणि ताऱ्याचे किती? एचडी १८९७३३ हा तारा डागाळलेला आणि अस्वस्थ आहे, त्यामुळे हा प्रश्न इथे जितका ठळकपणे उभा राहतो तितका शांत ताऱ्याच्या बाबतीत राहिला नसता. या ग्रहाविषयीचा जवळजवळ प्रत्येक महत्त्वाचा शोध म्हणजे ताऱ्यापासून ग्रहाला वेगळे काढण्याची एक नवी युक्ती आहे, अशी माझी धारणा झाली आहे, आणि पुढची मांडणी त्याच धाग्याने केली आहे.

तारा आणि ग्रह

हा तारा जंबुक तारकासमूहात, डंबेल तेजोमेघाच्या अगदी शेजारी, आपल्यापासून सुमारे ६४ प्रकाशवर्षांवर आहे. त्याची प्रत (तेजाचे माप) ७.७ असल्यामुळे तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, पण साध्या द्विनेत्रीतून सहज सापडतो. तो सूर्यापेक्षा लहान, थंड आणि नारिंगी आहे. वस्तुमान सूर्याच्या सुमारे ०.८ पट आणि पृष्ठभागाचे तापमान ५००० केल्व्हिनच्या थोडे वर. त्याच्यापासून आकाशात ११ विकलांवर (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) एक मंद लाल खुजा तारा आहे आणि तो याचाच सोबती आहे.

ग्रहाचा शोध २००५ मध्ये दक्षिण फ्रान्समधील ओत-प्रोव्हान्स वेधशाळेत लागला. तिथल्या १.९३ मीटर दुर्बिणीला जोडलेल्या ‘एलोडी’ या वर्णपटमापकाने ताऱ्याचे सेकंदाला सुमारे २०५ मीटर वेगाने डुलणे टिपले. याच दुर्बिणीने आणि याच उपकरणाने दहा वर्षांपूर्वी ५१ पेगासी भोवतीचा ग्रह सापडला होता. ग्रह गुरूपेक्षा वस्तुमानाने आणि त्रिज्येनेही दहा-पंधरा टक्क्यांनी मोठा आहे, परंतु ताऱ्यापासून जेमतेम ४६-४७ लाख किलोमीटरवर, म्हणजे बुध सूर्यापासून जितका दूर आहे त्याच्या बाराव्या हिश्शावर, २.२१८६ दिवसांत एक फेरी मारतो. ज्यांनी २००४ मध्ये शुक्राचे अधिक्रमण पाहिले, त्यांना पुढची कल्पना सांगावी लागणार नाही. दर फेरीत हा ग्रह ताऱ्यासमोरून सुमारे एक तास पन्नास मिनिटे जातो आणि तेवढा वेळ ताऱ्याचा प्रकाश सुमारे २.४ टक्क्यांनी कमी होतो. बाह्यग्रहांच्या हिशेबात ही घट भरघोस म्हणावी लागेल. पृथ्वीएवढा ग्रह सूर्यासमोरून जाताना प्रकाश एक टक्क्याच्या शंभराव्या भागाहूनही कमी घटतो.

पुण्याच्या आकाशातून

एवढी घट हौशी निरीक्षकाच्या आठ इंची दुर्बिणीला आणि साध्या कॅमेऱ्यालाही पकडता येते. या ताऱ्याचे क्रांत्यंतर (खगोलीय विषुववृत्तापासूनचे अंशांतले अंतर) सुमारे २२.७ अंश उत्तर आणि पुण्याचे अक्षांश १८.५ अंश, त्यामुळे तो आपल्या जवळजवळ डोक्यावरून जातो आणि तिथे हवेचा थर सर्वांत पातळ असतो. अडचण ऋतूची आहे. जुलै-ऑगस्टमध्ये तो रात्रभर उत्तम स्थितीत असतो, पण तेव्हा पुण्यावर पावसाचे छत असते. परतीचा पाऊस ओसरला की ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत, अंधार पडल्यापासून साधारण साडेनऊ-दहापर्यंत, कामाची खिडकी मिळते. त्यातच कोजागरीचा चंद्र येतो आणि दिवाळीच्या फटाक्यांचा धूरही. दिवाळीच्या चार दिवसांत शहराजवळून प्रकाशमापन करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. धुराचा थर मिनिटामिनिटाला बदलतो आणि दोन टक्क्यांची घट त्यात हरवून जाते.

रात्र निवडण्याचे गणित मुलांना सर्वांत जास्त आवडले. प्रदक्षिणाकाळ २.२१८६ दिवसांचा असल्यामुळे लागोपाठची दोन अधिक्रमणे घड्याळात सव्वापाच तासांनी पुढे सरकतात. म्हणजे संध्याकाळी एक अधिक्रमण मिळाले की पुढचे मध्यरात्रीनंतर, त्यापुढचे दिवसाउजेडी. पण नऊ फेऱ्या मिळून १९.९६७ दिवस होतात. त्यामुळे आजचे सोयीचे अधिक्रमण विसाव्या रात्री पुन्हा येते, फक्त सुमारे ४७ मिनिटे आधी. तारा मात्र रोज चार मिनिटे लवकर मावळतो, म्हणजे वीस दिवसांत ऐंशी मिनिटे. या दोन सरकण्यांतला फरक लक्षात घेतला की एका हंगामात पुण्याहून किती संधी मिळतील ते कागदावर काढता येते, आणि त्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच निघतात.

भोरच्या अलीकडे एका शेतघराच्या गच्चीवर आम्ही दुर्बीण लावली. दुर्बीण मुद्दाम किंचित फोकसबाहेर ठेवली होती, कारण इतका तेजस्वी तारा टोकदार फोकसमध्ये कॅमेऱ्याचे मोजके पिक्सेल भरून टाकतो आणि मग मोजमापाला अर्थ उरत नाही. प्रकाश पसरवला की एक्स्पोजर लांबवता येते आणि ताऱ्याचे लुकलुकणेही सरासरीत विरते. चौकटीतल्या आणखी काही ताऱ्यांशी तुलना करून तेजोवक्र (वेळेनुसार बदलत्या तेजाचा आलेख) काढला, तेव्हा मधली खळगी नीट उमटली. पण खळगीच्या आधीची आणि नंतरची रेषा सपाट येण्याऐवजी हळूहळू वर चढत होती. लॅपटॉपवर वाकलेल्या एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, हा उतार हवेचा की ताऱ्याचा?”

सगळ्या प्रकरणाचे मर्म या प्रश्नात आहे, म्हणून तो तिथेच सोडवून पाहिला. आमचा तारा नारिंगी, तुलनेला घेतलेले तारे निळसर. रात्र पुढे सरकते तसे सगळे पश्चिमेला कलतात, वाटेतला हवेचा थर वाढतो आणि हवा निळा प्रकाश जास्त गाळते. त्यामुळे तुलनेचे तारे अधिक झपाट्याने मंदावतात आणि नारिंगी तारा आपोआप उजळल्यासारखा दिसतो. आता ताऱ्याची बाजू. त्याच्या पृष्ठभागावर मोठे डाग आहेत आणि तो सुमारे बारा दिवसांत स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे त्याचे तेज एक ते दोन टक्क्यांनी खालीवर होते. सहा दिवसांत दोन टक्के धरले तरी चार तासांच्या निरीक्षणात तो बदल एक टक्क्याच्या विसाव्या भागाच्या आसपास पडतो. आमच्या वक्रातला उतार त्याच्या कित्येक पट होता. दोष हवेचा होता. आणि तुलनेला त्याच रंगाचे तारे घेतल्यावर तो बराचसा नाहीसा झाला. मात्र याचा अर्थ डागांचा परिणाम नगण्य आहे असा नाही. एका रात्रीच्या वक्रात तो लपतो, आणि ग्रहाच्या हवेचा अभ्यास सुरू झाला की नेमका तिथे वर येतो.

डागांचा हा बारा दिवसांचा फेरा मोठ्या अवकाशदुर्बिणीने शोधलेला नाही, हे इथे आवर्जून नोंदवावेसे वाटते. ॲरिझोनातील ०.८ मीटरच्या एका स्वयंचलित दुर्बिणीने रात्रीमागून रात्री या ताऱ्याचे तेज मोजले आणि त्यातून ११.९५ दिवस हा परिवलनकाळ हाती आला. चिकाटीने केलेले साधे प्रकाशमापन नसते तर पुढचे कितीतरी निष्कर्ष अधांतरी राहिले असते.

वातावरणाबाहेरून

हबल दुर्बीण हवेच्या वर आहे, पण पृथ्वीच्या अगदी जवळ. ती सुमारे ९५ मिनिटांत एक फेरी करते आणि त्यातला जवळजवळ निम्मा वेळ पृथ्वी मध्ये येते. म्हणून एक तास पन्नास मिनिटांचे अधिक्रमण तिला सलग दिसत नाही. तुकडे जोडावे लागतात. त्या तुकड्यांची अचूकता मात्र जमिनीवरून स्वप्नातही येणार नाही अशी असते. फ्रेडरिक पाँ आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या हबलच्या वक्रांत खळगीच्या तळाशी छोटे उंचवटे दिसले. ग्रह सरकता सरकता एखाद्या काळसर डागावर आला की तो मुळातच मंद असलेला भाग झाकतो आणि ताऱ्याचा एकूण प्रकाश क्षणभर किंचित वाढतो. ग्रहाच्या सावलीने ताऱ्याच्या पृष्ठभागाचा एक पट्टा असा चाचपून पाहिला गेला. त्याच निरीक्षणांनी या ग्रहाला शनीसारखी कडी नाहीत आणि पृथ्वीच्या ०.८ पटीहून मोठ्या त्रिज्येचा चंद्र नाही, हेही दाखवून दिले.

स्पिट्झर दुर्बीण पृथ्वीच्या मागोमाग सूर्याभोवती फिरत होती, त्यामुळे तिला अडवणारे कोणी नव्हते. हेदर नट्सन यांच्या गटाने तिला तेहेतीस तासांहून अधिक काळ, म्हणजे अर्ध्याहून जास्त प्रदक्षिणेपर्यंत, या एका ताऱ्यावर रोखून धरले आणि ८ मायक्रॉनच्या अवरक्त प्रकाशात ग्रहाच्या कला मोजल्या. २००७ मध्ये त्यातून बाह्यग्रहाचा पहिला तापमान-नकाशा तयार झाला. ग्रहाची एक बाजू कायम ताऱ्याकडे असते, तरीही रात्रीच्या बाजूचे तापमान ९७० केल्व्हिनच्या आसपास आणि दिवसाच्या बाजूचे १२१० च्या आसपास निघाले. सर्वांत तप्त जागा माध्यान्हीच्या बिंदूवर नव्हती, ती पूर्वेकडे सरकलेली होती. दोन्ही गोष्टींचा अर्थ एकच लागतो की ग्रहाभोवती पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात आणि ते उष्णता रात्रीच्या बाजूला नेतात. २०१५ मध्ये टॉम लाउडन आणि पीटर व्हीटली यांनी चिलीतील ला सिया येथील ३.६ मीटर दुर्बिणीवरच्या ‘हार्प्स’ वर्णपटमापकाच्या नोंदींतून, सोडियमच्या रेषा तपासून, सेकंदाला सुमारे दोन किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचे थेट प्रमाण दिले. तिथेही आधी ताऱ्याच्या स्वतःच्या फिरण्याचा परिणाम वजा करावा लागला, तेव्हा कुठे ग्रहाचा वारा उरला.

निळेपणाचे दोन पुरावे

आता प्रकरणाच्या गाभ्याकडे. अधिक्रमणाच्या वेळी ताऱ्याचा थोडा प्रकाश ग्रहाच्या कडेच्या हवेतून गाळून आपल्याकडे येतो. ज्या रंगात हवा अधिक अपारदर्शक, त्या रंगात ग्रह मोठा भासतो. हबलने २००८ पासून केलेल्या मोजमापांत हा ग्रह लाल प्रकाशापेक्षा निळ्यात आणि त्याहून अतिनीलात मोठा दिसतो, असे आढळले. याचे सरळ स्पष्टीकरण म्हणजे हवेत अतिसूक्ष्म कणांचे धुके आहे आणि ते निळा प्रकाश जास्त विखुरते. ते कण सिलिकेटचे असावेत असेही सुचवले गेले.

पण पीटर मॅकलॉ आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये, हबलनेच केलेल्या पाण्याच्या वाफेच्या शोधाबरोबर, एक अडचणीचा प्रश्न पुढे ठेवला. समजा, ग्रह ताऱ्यावरच्या ज्या पट्ट्यावरून जातो तो स्वच्छ आहे आणि डाग त्या पट्ट्याबाहेर आहेत. मग ग्रह झाकतो तो भाग ताऱ्याच्या सरासरीपेक्षा उजळ असतो आणि खळगी हवी त्यापेक्षा खोल पडते. डाग थंड असल्यामुळे निळ्या प्रकाशात ते भोवतालच्या मानाने अधिकच काळे दिसतात, म्हणून ही वाढही निळ्यात जास्त असते. थोडक्यात, धुक्याचा कणही नसलेला ग्रह डागाळलेल्या ताऱ्यासमोर धुकट भासू शकतो.

हा आक्षेप किती वजनाचा आहे हे आकड्यांत पाहणे बोधप्रद आहे. या ग्रहाची हवा सुमारे दोनशे किलोमीटर उंचीमागे २.७ पटीने विरळ होते. तेवढ्या एका थराची भर पडली तर खळगीची खोली दहा लाखांत साधारण शंभराने वाढते. ताऱ्याचे बिंब डागांमुळे एक ते दोन टक्क्यांनी मंद झालेले असेल, तर २.४ टक्क्यांची खळगी तितक्याच पटीने खोल होईल, म्हणजे दहा लाखांत सुमारे २४० ते ४८०. हा परिणाम सगळ्या रंगांत सारखा असता तर ग्रह थोडासा मोठा वाटला असता, एवढेच; परंतु रंगारंगांतला त्याचा फरकसुद्धा हवेच्या थराच्या खुणेच्या तोडीचा होऊ शकतो. म्हणून मॅकलॉ यांचा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. शिवाय तेजाच्या चढउतारावरून डागांच्या वाटपातली असमानताच कळते. बिंबावर सगळीकडे सारखे विखुरलेले डाग असतील, तर तारा कितीही फिरला तरी ते चढउतारात दिसणार नाहीत. आमच्या चर्चेत या मुद्द्यावर सर्वाधिक वेळ गेला आणि तो जायलाच हवा होता.

यातून सुटका करणारा पुरावा अधिक्रमणातून आलाच नाही. तो ग्रह ताऱ्यामागे जातो त्या पिधानातून आला. पिधानाच्या आधी ताऱ्याचा प्रकाश आणि ग्रहावरून परतलेला प्रकाश असे दोन्ही मिळून येतात. ग्रह मागे गेला की फक्त ताऱ्याचा उरतो. इथे ताऱ्याचा कोणताच भाग झाकला जात नाही, त्यामुळे पट्ट्यातले डाग आणि पट्ट्याबाहेरचे डाग हा वादच उद्भवत नाही. टॉम एव्हान्स आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये हबलच्या वर्णपटमापकाने दाखवले की २९० ते ४५० नॅनोमीटर या निळ्या-अतिनील पट्ट्यात पिधानाच्या वेळी प्रकाश दहा लाखांत सुमारे १२६ ने घटतो, तर ४५० ते ५७० नॅनोमीटरमध्ये मोजण्याइतका घटतच नाही. म्हणजे निळा प्रकाश हा ग्रह सुमारे ४० टक्के परतवतो आणि हिरवा-पिवळा फारसा नाही. ‘गडद निळा ग्रह’ म्हणून त्याचे चित्र जगभर गेले ते यावरून. या मोजमापातली अनिश्चितता दहा लाखांत ३६-३७ इतकी आहे, त्यामुळे निष्कर्ष विश्वासार्ह असला तरी भक्कम म्हणण्याच्या उंबरठ्यावरचाच आहे. पुढे २०२३ मध्ये युरोपच्या ‘केऑप्स’ या जेमतेम तीस सेंटिमीटरच्या अवकाशदुर्बिणीने दृश्य आणि निकट अवरक्त मिळून रुंद पट्ट्यात परावर्तन आठ टक्क्यांच्या खालीच मोजले, आणि निळ्याच्या पलीकडे ग्रह काळवंडतो या चित्राशी ते जुळले.

माझा निवाडा असा आहे की ग्रहावर धुके आहे, परंतु अधिक्रमणातून दिसणाऱ्या निळ्या चढाचा काही वाटा ताऱ्याच्या डागांच्या खात्यावर टाकायला हवा. तो वाटा किती, हे प्रत्येक निरीक्षणाच्या दिवशी ताऱ्याची स्थिती काय होती यावर अवलंबून राहील.

मिथेनचा धडा

२००८ मध्ये मार्क स्वेन आणि सहकाऱ्यांनी हबलच्या ‘निकमॉस’ कॅमेऱ्याच्या नोंदींत या ग्रहाच्या हवेत मिथेन सापडल्याचे जाहीर केले. सूर्यमालेबाहेरच्या ग्रहावरचा तो पहिला सेंद्रिय रेणू म्हणून गाजला. २०११ मध्ये नील गिब्सन यांच्या गटाने त्याच नोंदी पुन्हा तपासल्या आणि उपकरणाच्या स्वतःच्या लहरीपणाची दुरुस्ती कशी करावी यावरच निकाल अवलंबून आहे, हे दाखवले. जेम्स वेब दुर्बिणीच्या नोंदींवरून ग्वांगवेई फू आणि सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये पाणी, कार्बन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड आणि प्रथमच हायड्रोजन सल्फाइड या ग्रहावर असल्याचे सांगितले. मिथेन मात्र आढळला नाही. ताऱ्याबरोबर उपकरणही वजा करावे लागते, ही या प्रकरणातली दुसरी मोठी शिकवण मी धरतो.

जमिनीवरच्या मोठ्या दुर्बिणींनी मधल्या काळात वेगळीच वाट काढली होती आणि ती मला सर्वांत देखणी वाटते. ग्रह सेकंदाला सुमारे १५० किलोमीटर वेगाने फिरतो, तर तारा डुलतो केवळ ०.२ किलोमीटरने. वर्णपट पुरेसा बारीक उलगडला, तर ग्रहाच्या रेणूंच्या रेषा तासातासाला सरकताना दिसतात आणि ताऱ्याच्या व पृथ्वीच्या हवेच्या रेषा जागच्या जागी राहतात. चिलीतील व्हीएलटी या मोठ्या दुर्बिणीवरच्या ‘क्रायर्स’ या उपकरणाने २०१३ मध्ये याच युक्तीने इथला कार्बन मोनॉक्साइड आणि पाणी ओळखले. अंगणात एकाच तालात हलणाऱ्या सावल्यांमधून पळत्या पोराची सावली जशी लगेच डोळ्यात भरते, तसा ग्रह इथे आपल्या वेगामुळेच वेगळा पडतो.

खोडदची बाजू

पुणे-नाशिक रस्त्याने नारायणगावला उतरून खोडदकडे वळले की उसाच्या आणि टोमॅटोच्या शेतांमधून पंचेचाळीस मीटर व्यासाच्या जाळीदार थाळ्या दिसू लागतात. अशा तीस थाळ्या आहेत. चौदा मध्यभागी जवळजवळ, उरलेल्या सोळा तीन फाट्यांवर पसरलेल्या, टोकापासून टोकापर्यंत सुमारे पंचवीस किलोमीटर. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिलेली ही दुर्बीण मीटरभर लांबीच्या लहरींत जगातील अतिशय संवेदनशील दुर्बिणींपैकी एक आहे. थाळीखाली उभे राहून वर पाहिले की तिच्या पातळ तारांच्या जाळीतून आभाळ आरपार दिसते. एवढ्या लांब लहरींना भरीव पत्र्याची गरज नसते आणि वाऱ्याचा जोरही त्यामुळे कमी बसतो.

ग्रहाचा शोध रेडिओलहरींत का घ्यायचा? गुरूच्या चुंबकक्षेत्रात अडकलेले इलेक्ट्रॉन ध्रुवांजवळ तीव्र रेडिओलहरी सोडतात. त्या लहरींची कमाल वारंवारता चुंबकक्षेत्राच्या ताकदीवरच ठरते. एक गॉसला (गॉस हे चुंबकक्षेत्राचे एकक) सुमारे २.८ मेगाहर्ट्झ. गुरूच्या बाबतीत ती ४० मेगाहर्ट्झच्या आसपास थांबते, कारण ध्रुवाजवळचे त्याचे क्षेत्र १४ गॉसच्या आसपास आहे. एचडी १८९७३३ बीवर ताऱ्याचा वारा इतक्या जवळून आदळतो की गुरूच्या कितीतरी पट तीव्र लहरी निघाव्यात, अशी अपेक्षा होती. त्या मिळाल्या असत्या तर ग्रहाचे चुंबकक्षेत्र थेट कळले असते, आणि ते कळण्याचा याहून सरळ मार्ग नाही.

फ्रान्सचे अलँ लकाव्हलिए दे एतां आणि पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील गोपाल-कृष्ण यांच्यासह त्यांच्या सहकाऱ्यांनी जीएमआरटीवरून या ग्रहाचा वेध २४४ आणि ६१४ मेगाहर्ट्झवर घेतला. निकाल २००९ मध्ये आला. १५० मेगाहर्ट्झवरच्या शोधाचा निकाल २०११ मध्ये आला. इथेही युक्ती तीच होती. असा तारा स्वतःही रेडिओलहरी सोडू शकतो, म्हणून निरीक्षण ग्रह ताऱ्यामागे जाण्याच्या वेळेभोवती बेतले. पिधानात विझणारा आणि नंतर परतणारा संकेत असेल तरच तो ग्रहाचा. संकेत मिळाला नाही. वरची मर्यादा मात्र मिळाली: २४४ मेगाहर्ट्झवर २ मिलिजान्स्की (रेडिओतीव्रतेचे एकक), ६१४ वर ०.१६ आणि १५० वर २.१.

या ‘न मिळण्या’ला मी मोठे मोल देतो. १५० मेगाहर्ट्झवर लहर निघायला सुमारे ५४ गॉस, ६१४ वर निघायला २२० गॉसच्या आसपास क्षेत्र लागते. ग्रहाचे क्षेत्र गुरूसारखे असेल, तर त्याच्या लहरी या पट्ट्यांपर्यंत पोहोचणारच नाहीत, आणि दहा मेगाहर्ट्झच्या खाली पृथ्वीच्या हवेतला वरचा विद्युतभारित थर, म्हणजे आयनावरण, त्यांना आत येऊ देणार नाही. लहरी झोताच्या रूपात निघत असतील, तर तो झोत आपल्या दिशेने नसण्याचीही शक्यता आहे. त्याच गटाला हंस तारकासमूहातल्या एचएटी-पी-११ बी या ग्रहाच्या दिशेने १५० मेगाहर्ट्झवर एकदा क्षीण संकेताची चाहूल लागली होती. ग्रह ताऱ्यामागे गेल्यावर तो लोपलाही होता. दुसऱ्या वर्षीच्या निरीक्षणात तो पुन्हा आला नाही, आणि २०१३ मध्ये दोन्ही गोष्टी त्यांनी तितक्याच स्पष्टपणे छापल्या.

ताऱ्याचा उद्रेक

तारा केवळ मोजमाप गढूळ करतो असे नाही, तो ग्रह बदलवतोही. हबलने एप्रिल २०१० मध्ये हायड्रोजनच्या लायमन-अल्फा रेषेत अधिक्रमण पाहिले, तेव्हा ग्रहाभोवती निसटणाऱ्या वायूची काहीच खूण नव्हती. सप्टेंबर २०११ मध्ये तीच रेषा अधिक्रमणात १४ टक्क्यांनी घटली. त्याच्या सुमारे आठ तास आधी ‘स्विफ्ट’ उपग्रहाने ताऱ्यावर क्ष-किरणांचा मोठा भडका टिपला होता. ग्रहाच्या हवेतून तेव्हा सेकंदाला किमान हजार टन वायू निसटत होता, असा अंदाज आहे. भडका आणि हा वायुलोट यांचा कार्यकारणसंबंध एकाच घटनेवरून सिद्ध होत नाही, पण दोन दुर्बिणी एकाच ताऱ्यावर एकाच वेळी नसत्या तर प्रश्नसुद्धा विचारता आला नसता. ‘चंद्रा’ या क्ष-किरण अवकाशदुर्बिणीने पाहिलेले अधिक्रमण २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात घट ६ ते ८ टक्के होती, दृश्य प्रकाशातल्या घटीच्या सुमारे तिप्पट. म्हणजे ग्रहाची वरची विरळ हवा दिसणाऱ्या बिंबाच्या बरीच बाहेर पसरलेली आहे. त्याच निरीक्षणात सोबतचा लाल तारा क्ष-किरणांत फारच निस्तेज आढळला. दोघे एकाच वयाचे असायला हवेत, तरी मुख्य तारा तरुणासारखा वेगाने फिरतो आणि उसळतो. जवळच्या जड ग्रहाच्या ओढीने त्याची गती टिकून राहिली असावी, हे स्पष्टीकरण मला पटण्यासारखे वाटते.

पुढचे काम

युरोपची ‘एरियल’ ही दुर्बीण सुमारे हजार ग्रहांची हवा तपासण्यासाठी आखलेली आहे, आणि ती दृश्य व अवरक्त प्रकाश एकाच वेळी मोजणार आहे. याचे एक मुख्य कारण या प्रकरणात दिसलेला गुंता आहे. दृश्य पट्ट्यांवरून त्या क्षणी ताऱ्यावर डाग किती हे कळेल आणि अवरक्त वर्णपटातून ते वजा करता येईल. अशा दुर्बिणीचा वेळ मोलाचा असल्यामुळे अधिक्रमण नेमके कधी सुरू होणार हे आधी ठाऊक असावे लागते. प्रदक्षिणाकाळात एका सेकंदाची चूक असेल, तर या ग्रहाच्या वर्षभरातल्या १६४ फेऱ्यांत ती पावणेतीन मिनिटांची होते, आणि ज्या ग्रहांकडे अनेक वर्षे कोणी पाहिलेले नाही त्यांच्या बाबतीत तासांची. या वेळा अद्ययावत ठेवण्यासाठी ‘एक्सोक्लॉक’ हा प्रकल्प हौशी निरीक्षकांची निरीक्षणे स्वीकारतो, आणि आठ-दहा इंची दुर्बिणींचे तेजोवक्रही त्यात उपयोगी पडतात.

आमच्या गटाने त्यासाठी नोंदींची पद्धत आता बदलली आहे. प्रत्येक वक्रासोबत तुलनेच्या ताऱ्यांचे रंग, घड्याळ कशाशी जुळवले होते, आणि अधिक्रमण नसलेल्या रात्रींतही एचडी १८९७३३ चे तेज किती होते, हे लिहून ठेवले जाते. अधिक्रमणाच्या रात्री हंगामात थोड्याच मिळतात. ताऱ्याच्या डागांचा हिशेब ठेवायला मात्र ऑक्टोबर-नोव्हेंबरमधली कोणतीही निरभ्र संध्याकाळ चालते.